रंगारीचा एडिटर

ऑफिसात त्याला सगळे रंगारी म्हणत, आणि त्याने आयुष्यात एक भिंत रंगवलेली नव्हती. तो वेबसाइट बनवायचा. नाव पडलं ते त्याच्या स्क्रीनमुळे. कोड ज्यात लिहितात तो एडिटर बाकीच्यांना कसाही चाले. याला मात्र त्यातल्या प्रत्येक जातीच्या शब्दाला ठरलेला रंगच लागे. टॅग, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या खुणा, निळ्या; अवतरणातला मजकूर हिरवा, आकडे नारिंगी. दुसऱ्याच्या खुर्चीमागून पाणी प्यायला जाता जाता हा म्हणायचा, "खालचं सगळं हिरवं झालंय, अवतरण मिटायचं राहिलंय तुझं." आणि ते राहिलेलंच असायचं.

दुसरी खोड म्हणजे एडिटर कोणता चांगला, या विषयावर तो कुणाशीही, केव्हाही भांडायला तयार असे. लेकीसाठी स्थळ बघताना माणसं करत नाहीत इतकी चिकित्सा हा एडिटरची करायचा. त्याच्याशी भांडायला शेजारच्या टेबलावर वादळ होता. हेही टोपणनावच. हा गडी सगळं घाईत करायचा. खुर्ची ओढली तरी खालच्या मजल्याला कळायचं. वयाने रंगारीपेक्षा बराच लहान, पण ऑफिसात त्याला अरे-तुरे करणारा तो एकटाच. "रंगारी, तुझं डोकं फिरलंय," हा त्याचा रोज सकाळचा नमस्कार. मग चहा गार होईपर्यंत दोघं एकमेकांचं डोकं खात, आणि बाकीचे कानाडोळा करून कामाला लागत.

अलीकडे रंगारीच्या डोळ्यांचं बिनसलं होतं. ज्या अक्षराकडे थेट बघावं नेमकं तेच पुसलं जायचं. कडेचं दिसे, मधलं गायब. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आणखीही जाईल. हा घरी येऊन बायकोला म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढलाय." ऑफिसात तर तेवढंही बोलला नाही. त्याने अक्षरं मोठी केली, खुर्ची पुढे ओढली, आणि बाकी भार रंगांवर टाकला. निळं काही दिसलं की टॅग, नारिंगी दिसलं की आकडा. उभा जन्म ज्याने डोळ्यांत तेल घालून काम केलं, तो आता अंदाजपंचे चालला होता. त्याला एकच धास्ती होती. हे कळलं तर आपल्याला कोडवरून उठवतील आणि फोन घ्यायला बसवतील, आणि तेही गोड बोलून.

नेमकं तेव्हाच जुना एडिटर बनवणाऱ्यांनी तो बंद केला. मॅडम, म्हणजे ऑफिस चालवणाऱ्या बाई, म्हणाल्या, "रंगारी, नवा तुम्हीच निवडा. सगळ्यांना एकच हवा. सोमवारी दाखवा." त्यांना वाटलं, याच्या आवडीचंच काम दिलं. रंगारी "बघतो" म्हणाला आणि खुर्ची आणखी पुढे ओढून बसला.

निवड दोघांतच होती. एक हलका होता, चुटकीसरशी उघडणारा, वादळचा लाडका. दुसरा जड, उघडताना आधी आळोखेपिळोखे द्यायचा. पण हा दुसरा बोलका होता. आंधळ्यांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारा जो आवाज असतो, तो यातली ओळ न् ओळ वाचायचा. हलक्यात तोच आवाज ओळीवर आला की "रिकामं" म्हणायचा आणि गप्प बसायचा. म्हणजे रंगारीला जडच हवा होता, आणि का हवा ते मात्र सांगता येत नव्हतं. सांगितलं की संपलं.

रविवारी त्याने घरी जड एडिटर टाकला आणि सोमवारी दाखवायला एक छोटं पान लिहिलं. एडिटरचे रंग नवे. आपले रंग बसवावेत, तर त्यासाठीची बारीक यादी वाचता येईना. आवाज लावावा, तर बायको विचारणार. पान काही धड दिसेना. मथळा एकीकडे, चित्र भलतीकडे. शेवटी त्याने हाक मारली, "अगं, डोळे चुरचुरताहेत. जरा हे स्क्रीनवरचं वाचून दाखवतेस का?"

बायको शाळेत भाषा शिकवायची. पदर सावरून बसली आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचू लागली. अर्थ कळत नव्हता, पण एक अक्षर गाळलं नाही. रंगारी ऐकता ऐकता पांढरा पडला. या लिखाणात प्रत्येक सूचनेच्या शेवटी अर्धविराम लागतो, आणि तिच्या वाचण्यात तो एकदाही आला नव्हता.

"एकही टाकला नाही मी?" असं पुटपुटत त्याने चाचपडत ओळीच्या टोकाला जाऊन अर्धविराम ठोकायला सुरुवात केली.

"अहो, तिथे आहे की एक. दुसरा कशाला?"

"आहे? मग वाचला का नाहीस?"

"विरामचिन्हं वाचायची नसतात, पाळायची असतात," ती म्हणाली. "मी थांबले नाही का?"

थांबली होती. दर ओळीला, घोट गिळावा इतकी, न चुकता थांबली होती. रंगारीला हसू फुटलं आणि आवरेना. चूक तर भलतीच निघाली, वर मिटायचा राहिलेला एक कंस. पण बायको हसत नव्हती.

"तुम्ही त्याच ओळीवर होता," ती म्हणाली. "नाकासमोर होता तो अर्धविराम. तुम्हाला दिसला नाही?"

त्याने मग सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ऑफिसात सांगून टाका."

"सांगितलं की मी रंगारी राहत नाही."

 तिने नुसता त्याचा हात धरून ठेवला.

सोमवारी सगळे भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर जमले. रंगारीने जडाची बाजू मांडली. खरं कारण सोडून सगळी कारणं दिली.

"रंगारी, तुझं डोकं फिरलंय!" वादळ मागून ओरडला. "हा उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो."

सगळे हसले. रंगारीला इतकं बरं वाटलं की त्याने मान ताठ केली. "चहा कमी कर," तो म्हणाला. "इथे या क्षणी एक पान लिहून दाखवतो."

आणि लिहायला लागला. बोटांना सगळं पाठ होतं. बोटं झरझर चालत होती. हळूहळू खोलीतली कुजबूज थांबली. आपल्या वेगाने मंडळी थक्क झाली, असं त्याला वाटलं.

"रंगारी," मॅडम हलकेच म्हणाल्या, "ती लाल रेघ बघा."

चूक झाली की एडिटर त्या शब्दाखाली लाल रेघ ओढतो. "कुठे?" रंगारीने विचारलं.

 भिंतीवर ती रेघ हातभर लांब होती. तो पडद्याकडे वाकला, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. "कुठे?" त्याने पुन्हा विचारलं, आणि विचारतानाच त्याला कळलं की आता सगळ्यांना कळलंय.

वादळ उठला. खुर्चीचा आवाज झाला नाही. तो रंगारीच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि ती ओळ वाचू लागला. कधी कुणाचं वाक्य पूर्ण होऊ न देणारा माणूस सावकाश, चिन्ह न् चिन्ह उच्चारत वाचत होता. "महिरपी कंस उघडा. रंग. अपूर्णविराम. निळा. आणि इथे... इथे अर्धविराम हवा." रंगारीने अर्धविराम टाकला. रेघ गेली असावी, कारण मागे कुणीतरी श्वास सोडला.

"हाच घेऊ या," मॅडम म्हणाल्या.

"हो, हाच बरा," दोघं-तिघं घाईने म्हणाले.

रंगारी घाबरला. ही जीत त्याला नको होती. "अरे, पण जड आहे हा," तो म्हणाला. "उघडायला वेळ लागतो. मशीन तापतं." ज्या एडिटरसाठी तो आठवडाभर झुरला होता, त्याच्याविरुद्ध तो पोटतिडकीने बोलत राहिला आणि वादळकडे वळला. वादळचा चेहरा मधोमध पुसलेला होता. दिसत होते ते फक्त खांदे. "तू बोल की. तुला हलका हवा होता ना? बोल!"

"त्यात काय एवढं," वादळ म्हणाला. "तुम्ही म्हणाल तो घेऊ."

इतक्या वर्षांत वादळने त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.