बायची दोन बोटं

"दाब," एवढंच ती म्हणायची आणि उजव्या हाताची दोन बोटं पुढे करायची. आलेला माणूस डोंगरातला शेतकरी असो की किनाऱ्यावरचा वाडीवाला, तिची बोटं मुठीत आवळल्याशिवाय त्याला आमच्या दवाखान्याचा उंबरठा ओलांडता येत नसे.

ती तिथं आया होती आणि मी कंपाउंडर. साठ सालानंतरची ती वर्षं. पालघरपासून आत, मासवणच्या वाटेवर आमचा दोन खोल्यांचा दवाखाना. सगळे तिला बाय म्हणत, म्हणून मीही बाय म्हणायचो. त्याआधी तिनं उभी जवानी गवताच्या वखारीत काढली होती. मुंबईच्या तबेल्यांना जाणारं गवत कापायला माणसं तीच निवडायची, तीही बोटं दाबायला लावून. "ज्याची मूठ औंदा सैल, तो फुडल्या गवताला नसतो," हे तिनं तिथंच, एकेक गडी मेलेला बघून, हेरलं होतं.

नवे डॉक्टर पुण्याहून आले आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. एका म्हातारीला ते म्हणाले, "आजी, तुमचा दाब बघायचाय." म्हातारीनं त्यांचा पुढे आलेला हात धरला आणि असा आवळला की डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. बाय दारातून म्हणाली, "साहेब, हिला घाई नाय. ही तुमाला-आमाला मसणात पोचवून येल." मी बाटल्या धुण्याच्या निमित्तानं पळ काढला.

डॉक्टर चिडले. "बाई, हे शास्त्र नाही."

"नाय साहेब, हात हाय. रोग कुटला ते तुमी सांगा. घराचा वासा हालला, येवडंच मना समजतं."

तुम्ही हसाल. मीही हसायचो. मग एकदा केळव्याकडचा एक धिप्पाड वाडीवाला पाठीवरचं गळू दाखवायला आला. त्याची छाती बघून रांगेतली माणसं आपणहून बाजूला झाली. त्यानं बोटं दाबली आणि बाय माझ्या कानाशी आली. "याला पयला आत घाल. पिकलं केळं हाय." मी ते हसत डॉक्टरांना सांगितलं; गळू बघून त्यांनी तेवढ्यावरून त्याची लघवी तपासायला सांगितली. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळी धरली तर आतला निळा रंग बघता बघता विटकरी झाला. साखर! त्यानंतर डॉक्टर स्वतःच विचारू लागले, "बाय काय म्हणते?"

आता म्हणे पकड मोजायला काट्याचं यंत्र असतं. आमचा काटा लुगडं नेसत असे.

एका सोमवारी माझी पाळी आली. "कंपोंडर, दाब." मी तिशीतला गडी, हसत हसत दाबली. ती हसली नाही. दुसऱ्या हातानं दाबायला लावलं. मग दंड धरून मला सरळ डॉक्टरांपुढे उभं केलं. खोकला नाही, ताप नाही. मला तर तिचा रागच आला. पालघरला फोटो काढला तेव्हा छातीत क्षयाचा डाग निघाला. घरी बायको आणि चार महिन्यांची मुलगी होती.

दीड वर्ष इंजेक्शनं आणि गोळ्या चालल्या. दर सोमवारी बाय बोटं पुढे करी, मी दाबी, ती नुसती मान हलवी. ज्या सोमवारी "आय गं, मेल्या!" म्हणून ती हात झटकत अंगणभर फिरली, त्या दिवशी मी बरा झालो. डॉक्टरांचा कागद मागाहून आला. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईनं माझ्या मुलीचा बाप राखला. आजही आठवलं की मी थक्क होतो आणि डोळे भरतात.

दोनेक वर्षांनी ती कामावर यायची थांबली. मी तिच्या पाड्यावर गेलो. अंगणात उन्हाला बसली होती. मांडीवर नागलीचं सूप होतं, पण ती पाखडत नव्हती. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी माझी दोन बोटं पुढे केली.

"दाब, बाय."

ती बोटांकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको," ती म्हणाली. "तुला समजंल."

पुढल्या गवताला ती नव्हती.