पंख्याचं नीट वाच

आमच्या ताईला बेतानं काही जमतच नाही. भाजीत मीठ असो की आवाजात माया, हात सैलच. स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत बसून ती पुस्तकं मोठ्यानं वाचते आणि लोक ती कानाला लावून ऐकतात. दगडालाही पाझर फुटेल असा आवाज. आधी पानापानावर पेन्सिलीनं खुणा करते: इथे थांबायचं, इथे हुंदका, इथे गळा भरून येऊ दे.

फक्त माझ्या लेकीपुढे तिची डाळ शिजत नव्हती. लेक सोळा वर्षांची, ऑटिस्टिक. ताई दारातूनच "माझी सोन्याची बाहुली ती!" करत आली, की ही कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत. वर कडी. ताई बाहेर डोळे पुसत बसायची आणि मला दोघींचाही राग यायचा. घरात मी आणि लेक दोघीच, त्यात माझं ऑपरेशन ठरलेलं. आठवडाभर लेकीजवळ राहायला ताईशिवाय होतं कोण? आणि पुढे, माझ्यानंतर? या प्रश्नानं माझी झोप उडाली होती.

अशात ताईकडे एक कादंबरी वाचायला आली. सगळी गोष्ट एक ऑटिस्टिक मुलगी स्वतःच्या तोंडून सांगते. ताईला वाटलं, हे तर घरचंच काम! सरावाला आमच्याकडे येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. गोष्टीतली मुलगी दवाखान्यात बाकावर एकटी आहे, आई आत. ताईनं असा काही गळा काढला की मीही रुमाल शोधायला लागले.

आतली कडी निघाली. लेक दारात येऊन म्हणाली, "मावशी, चुकीचं वाचतेयस."

ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "जन्म गेला माझा यात!"

"पुस्तकात ती रडत नाहीये. तू रडतेयस."

"अगं, घाबरलीये ती! कळत नाही का तुला?"

"कळतंय. म्हणून तर ती पंख्याचं सांगतेय. पंख्याचं नीट वाच."

पुस्तकात खरंच होतं. पंख्याचं एक पातं वाकलंय, फिरताना कटकट वाजतं, आणि मुलगी पानभर तेवढंच सांगते. दोन हुंदक्यांच्या मधे ताईनं ते भरभर उरकलं होतं. तिनं रागारागानं खुणा खोडल्या आणि पुन्हा वाचलं, वाणसामानाची यादी वाचावी तसं. पंख्याशी पोचली तेव्हा माझा रुमाल हातातच राहिला. कुणी रडत नव्हतं, तरी मला धड श्वास घेता येईना. लेक तिथेच उभी राहून ऐकत होती.

पुढे ताई रोज यायला लागली. दारातून "मी आले" एवढंच म्हणायची. बाकीची माया बिचारी ओठ मिटून गिळायची. स्टुडिओतले साहेब म्हणाले, "बाई, जरा रडू येऊ द्या की!" तर म्हणाली, "ते ऐकणारे बघतील."

ऑपरेशनच्या सकाळी मी पिशवी घेऊन दारात घुटमळत होते. छप्पन्न सूचना देऊन झाल्या होत्या. गाडी खाली थांबलेली.

"आई," लेक म्हणाली, "तुझ्या चपलेचा पट्टा काळ्या दोऱ्यानं शिवलाय. चप्पल तपकिरी आहे."

मी वैतागून म्हणणार होते, आता चपलेचं काय मधेच! पण माझ्याआधी ताई खाली बसली होती.

"खरंच गं, काळाच आहे. टाके सारखे आलेत का?"

"नाही. एक वाकडा आहे."

"कुठला? दाखव."

दोघी माझ्या पायाशी वाकल्या होत्या. मला उशीर होत होता, पाय हलवता येत नव्हता, आणि किती दिवसांनी मला कशाचीच भीती वाटत नव्हती.