आधी पडदा, मग साडी

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकला सातपूरमधल्या एका लहानशा कंपनीत मी नोकरी करत होते. कॉम्प्युटरवर एकमेकांना बघत बोलता येईल अशी यंत्रणा आम्ही बनवायचो. लाइनवर गर्दी झाली की चित्र आणि आवाज दोन्ही अडकायचे, आणि त्यावर उपाय शोधणं हे माझं काम. शेवटी मी आमच्या स्वयंपाकघरातलाच नियम लावला. पाहुणे वाढले की आई आमटीत पाणी वाढवते, पानावरून कुणाला उठवत नाही. तसं यंत्रणेनं लाइनचा अंदाज घेत चित्र पातळ करत जायचं, आवाजाला मात्र हात लावायचा नाही. हे जमलं त्या दिवशी मी आनंदानं दोन प्लेट मिसळ खाल्ली.

घरी मात्र विषय एकच, माझं लग्न. दाखवण्याच्या कार्यक्रमांना मी वैतागले होते. पोहे न्यायचे, बसायचं, आणि माझ्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. मी जाहीर करून टाकलं, माझं ऐकून घेईल त्यालाच हो म्हणेन. तेवढ्यात चांदवडच्या मावशीनं नांदगावचं स्थळ आणलं. मुलगा नोकरीसाठी जर्मनीत. त्याच्या ऑफिसात आमचीच यंत्रणा चालणार होती, म्हणून बघण्याचा कार्यक्रम कॉम्प्युटरवरूनच करायला साहेबांनी मला रविवारी आमचं ऑफिस दिलं. चाचणीही होऊन जाईल, म्हणाले.

मावशीनं कंबर कसली. माझ्या मागे फुलाफुलांचा पडदा टांगला, मला तिची भरजरी जांभळी पैठणी नेसवली आणि पंखा पाचवर सोडला.

"मावशी, पंखा बंद कर. पडदा हलतोय, साडीची जर चमकतेय. जे जे हलतं ते सगळं लाइनवरून पाठवावं लागतं."

"घाम आला की पावडर उतरंल. गप बस."

मुलगा कॉम्प्युटरवर दिसू लागला. त्याच्या मागे कोरी भिंत, त्यामुळे मला तो स्वच्छ दिसत होता. चेहरा बरा होता, खोटं का बोलू. थोड्या वेळानं तो म्हणाला, "तुम्ही मला चौकोन चौकोन दिसताय. आता तर नुसताच जांभळा रंग."

मावशीनं कपाळाला हात लावला. "मशीन तुझंच हाय ना? मग तोंड दाखव की त्याला."

दाखवता आलं असतं. एक कळ दाबून चित्राला पुढे काढता येत होतं, पण मग आवाज तुटला असता. माझा हात माउसपर्यंत गेला आणि मी तो मागे घेतला.

"पण आवाज एकदाही तुटला नाही," तो म्हणाला. "हे कुणी बसवलंय?"

"मी."

"कसं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी सुटलेच. आधी पडद्यावरची फुलं जातात, मग साडीची जर, मग नाकडोळे, सगळं सांगितलं. तो मध्ये मध्ये शंका काढत होता, आणि त्या शंका चांगल्या होत्या. आमटीच्या पाण्याला तो मोठ्यानं हसला. मला इतकं छान वाटत होतं की मावशीनं पुढे केलेले पोहे तसेच गार झाले.

लाइन बंद झाल्यावर मावशी पडदा उतरवत पुटपुटली, "लय वाईट झालं. तोंड बघितलंच नाय त्यानं. आता कशाचा होकार येतोय."

"यायचा कशाला," मी म्हणाले. "तू चहा ओतत होतीस ना, तेव्हाच त्यानं विचारलं आणि मी देऊन टाकला."