बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. खरं सांगायचं तर हसायला वाचते. पिंपळ, अमावस्या, पांढरी साडी... मी अमरावतीत एका कोचिंग क्लासला फिजिक्स शिकवते. आपोआप काही हलत नाही, कुणीतरी ढकलावं लागतं, हे पोरांना सांगून सांगून माझा घसा बसतो. तेव्हा तुमचा विश्वास बसावा म्हणून मी शपथा घेणार नाही, कारण माझाच बसत नाही. आणि हे मी भीतीनं लिहीत नाहीये, रागानं लिहितेय.

माझं माहेर अकोल्याला, डाबकी रोडच्या आतल्या गल्लीत. स्लॅबचं साधं घर. गेल्या हिवाळ्यात धाकटी बहीण पूनम पहिल्या बाळंतपणाला तिथे आली. बाबांनी मागची खोली तिच्यासाठी मुद्दाम करून घेतली होती — एसी, सरकत्या काचांची ॲल्युमिनियमची खिडकी, दाराला खालून रबराची पट्टी. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून केलेली सगळी सोय. मुलगी झाली, सगळे खूश. मी सुट्टी टाकून मदतीला गेले.

मग शेक सुरू झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — बाळंतिणीला न्हाऊ घातलं की बाजेवर निजवतात, बाजेखाली घमेल्यात पेटते कोळसे ठेवतात आणि त्यांवर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी देतात. खोलीत वारा म्हणून येऊ द्यायचा नाही. आमच्याकडे हे खातं कमलमावशीचं, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीचं. फोन गेला त्याच संध्याकाळी ती ओव्याची पिशवी घेऊन हजर.

पहिल्या दिवशी मी त्या खोलीचं दार उघडलं तर माझेच डोळे चुरचुरले. पूनम खोकत होती.

"मावशी, थे खिडकी तरी उघड. जीव गुदमरून राह्यला तिचा."

"वारा लागन तिले. मंग जन्मभर कंबर धरून बसन," मावशी म्हणाली. "तू झाली तवा तुह्या मायले म्याच शेकलं. मेली का तुही माय?"

"तवा कवेलूचं घर होतं, मावशी. धूर वरतून निंघून जाये. इथं डोक्यावर स्लॅब आहे, दाराले रबर आहे. कुठी जाईन तो?"

"तुह्यं शिकवणं क्लासमंधी ठेव."

आईनं तिचीच री ओढली. "अन् बाहेर काय मोठी चांगली हवा आहे? रस्ता खोदून ठेवला, कोपऱ्यावर कचरा जाळून राह्यले. थे घेऊ का आत, लेकराच्या नाकात?"

कचऱ्याचं मात्र खोटं नव्हतं. पण बाहेरची हवा वाईट म्हणून आतली चांगली होत नाही, हे मी कसं सांगू? पूनमच्या नवऱ्यानं पुण्याहून हवा शुद्ध करायचं मशीन पाठवलं होतं. शेक सुरू झाला की त्याचा दिवा लालभडक व्हायचा आणि ते घरघरायला लागायचं. लेकरू दचकतं म्हणून आईनं त्याचा प्लग काढला आणि वर टॉवेल टाकला. हवा खराब आहे असं म्हणणारे त्या घरात आम्ही दोघंच, मी आणि ते मशीन. त्याच्यावर टॉवेल पडला, माझ्यावर मावशी.

मी समजावून पाहिलं. म्हटलं, दिसतो तो धूर एक वेळ परवडला. बंद खोलीत कोळशाचा एक गॅस होतो, त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो.

"वासच नाई तं तुले कसा समजला?" मावशी म्हणाली. आई तोंडाला पदर लावून हसली.

दुसऱ्या दिवशी शेक चालू असताना खिडकी उघडी सापडली. अर्धवट नाही, काच पार टोकापर्यंत सरकलेली. मी तेव्हा पुढच्या खोलीत फोनवर पोरांचे डाउट सोडवत होते. पण कोण ऐकतंय? पूनम म्हणालीही, "ताई आलीच नाई वं आत. माहा डोळा लागला होता, पन दार वाजलं असतं ना." तिचं कोणी मनावर घेतलं नाही. बाबा एरवी माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. ते म्हणाले, "वैशाली, तुले पटत नसन तं तू अमरावतीले जा. पन असं चोरून करू नको."

चोरून! ज्या माणसानं मला शिकवून पायावर उभं केलं, त्यानं हा शब्द वापरला. आणि गंमत म्हणजे खिडकी उघडायचं माझ्या मनात शंभरदा आलं होतं, फक्त मी उघडली नव्हती. मी आतून नुसती जळत होते.

बाबांनी त्याच दुपारी ॲल्युमिनियमवाल्याला बोलावलं. त्यानं दोन्ही काचांच्या सांध्यावर सिलिकॉनची जाड पट्टी ओढली, खालच्या खाचेत काचेला आडवा येईल असा स्क्रू मारला. बाबांनी हलवून पाहिलं. मीही दोन्ही तळवे टेकवून जोर लावला. काच तसूभर हलली नाही. "आता उघड," मावशी म्हणाली.

सिलिकॉन वाळलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोळसे पेटले. मी बॅग भरून ठेवली होती. जाण्याआधी लंगोट-दुपटी तेवढी वाळत घालावी म्हणून गच्चीवर गेले. ऊन छान होतं. दोरीवर कपडे टाकता टाकता मला ओव्याचा वास आला, चांगला उग्र. कठड्यावरून खाली बोळीत वाकून पाहिलं तर मागच्या खोलीची खिडकी सताड उघडी आणि त्यातून भसाभस धूर बाहेर येत होता.

मी धावले. पण खोटं कशाला सांगू, मी त्यांना वाचवायला नाही धावले, भांडायला धावले. आता म्हणा मी उघडली म्हणून! मावशी पुढच्या खोलीत जेवत होती. तिला तशीच उष्ट्या हातानं उठवली. "चाल, पाह्य आता. मी गच्चीवर होती. पाह्य कोनं उघडली थे." दारावर थापा मारल्या. कोणी ओ देईना. दार ढकललं.

आई पाळण्याजवळ सतरंजीवर आडवी झाली होती, दोरी हातातच. पूनम बाजेवर. चेहरा छान लालसर, शांत झोप लागल्यासारखा. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, ती हलली नाही. बाळाचा पाळणा खिडकीच्या अगदी खाली होता. बाळ जागं होतं आणि उघड्या खिडकीकडे टकामका पाहत होतं.

पुढचं मला सलग आठवत नाही. पूनमला काखेत हात घालून ओढलेलं आठवतं. आई अंगणात आल्यावर ओकली. मावशी बाळ घेऊन उभी, आणि तिच्या हाताचा वरण-भात दुपट्याला लागलेला. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखाना, मग ऑक्सिजन. डॉक्टरांनी विचारलं, "खोली बंद होती?" मी म्हटलं, "खिडकी उघडी होती." ते म्हणाले, "म्हणून तिघी आहेत."

पूनम संध्याकाळी शुद्धीवर आली आणि तिनं सगळ्यात आधी बाळाचं विचारलं. तेव्हा कुठे मी रडले, दवाखान्याच्या जिन्यात बसून, हमसून हमसून.

घरी येऊन मी ती खिडकी पाहिली. नीट, दिवा धरून. सिलिकॉनची पट्टी कुठेही फाटली नव्हती, कापली नव्हती. जिथे ओढली होती तिथेच, अखंड. स्क्रू जागेवर घट्ट. आणि काच त्या स्क्रूच्या पलीकडे. म्हणजे स्क्रूच्या आरपार गेल्याशिवाय ती तिथे पोचूच शकत नव्हती. दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमवाला आला. काच परत जागेवर आणायला त्याला आधी स्क्रू काढावा लागला. ठेवलेला चहाही न पिता तो गेला.

इथपर्यंत वाचून तुमच्या अंगावर काटा आला असेल तर येऊ द्या. माझ्या अंगावर काटा आला तो नंतर.

मावशी म्हणाली, सटवाईनं उघडली. आई म्हणाली, तिच्या वारलेल्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आजीनं उघडली, तिचा पूनमवर फार जीव होता. बाबा म्हणाले, कुलदेवी. ॲल्युमिनियमच्या चौकटीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, शेजारच्या बाया पाया पडून गेल्या. आणि घमेलं? ते धुऊन पुसून कोनाड्यात ठेवलेलं. त्याला कोणी बोल लावला नाही.

"जिनं उघडली तिले नारळ," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अन् ज्यायनं बंद केली त्यायचं काय?"

बाबा चप्पल घालून बाहेर निघून गेले. आईनं मान खाली घातली.

गेल्या महिन्यात मावशीची नात इथे अमरावतीत बाळंत झाली. मी बाळंतविडा घेऊन गेले. खोलीचं दार बंद, फटीत टॉवेल, खिडक्या बंद, आणि बाजेखाली तेच घमेलं लालबुंद. पोरगी घामानं निथळत होती. बाळ कुशीत.

"मावशी," मी म्हटलं, "खिडकी?"

मावशी अगदी निवांत होती. तिनं कोळशांवर चिमूटभर ओवा टाकला. "राहू दे वं. येळ आली का उघडते थे आपोआप. अकोल्याले पाह्यलं नाई का आपुन?"

मी दोन फडकी घेतली, घमेलं उचललं, अंगणात नेऊन त्यावर बादलीभर पाणी ओतलं. परत आत आले, फटीतला टॉवेल काढून फेकला. मावशी ओरडत होती, "देवीवर इस्वास नाई का तुहा?" मी तिच्याकडे न पाहता खिडकीची कडी काढली.

कोणाकडे काही स्पष्टीकरण असेल तर सांगा, पण काच कशी सरकते ते मला शिकवू नका. त्या स्क्रूचं गणित मी कितीदा मांडलं, ते सुटत नाही. अकोल्यात खिडकी कोणी उघडली ते मला माहीत नाही. अमरावतीत मी उघडली.