शालूताईची शुक्रवारची टर्की

इतक्या वर्षांच्या शेजारात शालूताईच्या नवऱ्याने, प्रतापरावांनी, मला कधी फोन केला नव्हता. त्यामुळे यंदाच्या ऑक्टोबरमधल्या त्या सकाळी फोनवर त्यांचा आवाज ऐकला तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. "मंगल, शालिनी उठत नाहीये," एवढंच म्हणाले. मी चपला न घालताच त्यांच्या घरी धावले... झोपेतच हृदय बंद पडलं होतं. केतकीला, तिच्या लेकीला, फोनही मीच केला. प्रतापराव नुसते पलंगाच्या कडेला बसून होते. न बोलणं हा त्या माणसाचा स्वभावच, पण त्या दिवशीचं न बोलणं बघवत नव्हतं.

शालूताई कोल्हापूरची. नवऱ्याच्या गाड्यांच्या कंपनीतल्या नोकरीपायी इथे मिशिगनमधल्या ट्रॉयला आली आणि इथल्या बर्फातही तांबडा-पांढरा रस्सा करत राहिली. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, आवाज खणखणीत, आणि हाताला अशी चव की आमच्या मंडळातल्या बायका तिला मसाला विचारायच्या आणि ती खुशाल अर्धाच सांगायची. "सगळं सांगितलं तर माझ्याकडे जेवायला कोण येईल गं?" म्हणायची. तिची मटणावर हुकमत होती, माशांवर हुकमत होती. पण एका पक्ष्याने तिची पार जिरवली.

झालं असं, की २००३ साली केतकीने डॅनीशी लग्न केलं. डॅनी हॉस्पिटलात नर्स, मिशिगनच्याच उत्तरेकडचा, अतिशय गोड मुलगा. पण प्रतापरावांना ते लग्न झेपलं नाही. लग्नाला उभे राहिले, फोटोत आले, आणि घरी येऊन गप्प झाले. मुलीशी हो-नाही एवढंच, आणि व्याह्यांशी तर तेवढंही नाही. त्याच नोव्हेंबरात डॅनीचे वडील वॉल्ट थॅंक्सगिव्हिंगला, म्हणजे इथल्या टर्कीच्या सणाला, आले ते बर्फाच्या पेटीत स्वतः शिकार केलेली रानटर्की घेऊन. बायको गेलेला, मोठ्या पंजांचा, लाजरा माणूस. त्याच्या लेखी ही फार मानाची भेट होती. शालूताईने ती घेतली आणि आपण सगळ्या जे करतो तेच केलं. सालीसकट कोंबडी आपल्यात कोण खातं? तिने टर्की सोलली, तुकडे केले, वाटण लावलं आणि कुकरला भरपूर शिट्ट्या दिल्या. चव बघायची सोय नव्हती, कारण थॅंक्सगिव्हिंग हा नेमका गुरुवारी येतो आणि त्या घरात दत्ताचा गुरुवार कडक. लेकीसाठी ती त्या दिवशी मांस शिजवायला तयार झाली, हेच खूप होतं. चाखणार कशी?

काय सांगू... छातीचं मांस म्हणजे नुसता काथ्या झाला होता. वॉल्ट एकेक घास चावत होता आणि पाणी पीत होता. डॅनी "इट्स गुड, मॉम" म्हणाला, बळंच. केतकी उठून बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ आली नाही. आणि प्रतापराव? "आज गुरुवार, मला त्या टेबलाशी बसता येणार नाही," असं म्हणून वर खोलीत साबुदाण्याची खिचडी खात बसलेले. सगळे गेल्यावर खाली आले, पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, "जमत नाही ते जमत नाही, शालिनी. पक्षी नाही, आणि माणसंही नाहीत." शालूताई मला हे सांगताना रडली नाही, चिडली होती. "मंगल, टर्की जमवून दाखवते. आणि ह्यांना त्या टेबलाशी बसवूनही दाखवते. बघच तू."

पुढच्या वसंतात वॉल्टने दुसरी टर्की आणली तेव्हा तिने त्यालाच स्वयंपाकघरात उभं केलं. तिचं इंग्रजी कोल्हापुरी, त्याचं पुटपुटतं, आणि मधे मी. वॉल्ट म्हणाला, साल काढायची नाही, पिसं तेवढी उपटायची. रानातला पक्षी दिवसभर चालतो, त्याच्या अंगावर चरबी नसते. साल हेच त्याचं पांघरूण. तो रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. "पाण्यात कशाला? ताकात ठेवू," शालूताई म्हणाली. वॉल्ट सालीखाली बटर भरायचा, हिने आलं-लसूण घालून साजूक तूप भरलं. तंगड्या मात्र तिने वेगळ्या काढल्या. त्या चिवट, त्यांना वेळ द्यायला हवा. मंद आचेवर पार सुटेपर्यंत शिजवून त्यांचा तिने पांढरा रस्सा केला, नारळाचं दूध घालून. छाती ओव्हनमध्ये कमी आचेवर, थर्मामीटर खुपसून, आतपर्यंत शिजली की त्यापुढे एक मिनिटही नाही. बाहेर काढून झाकून ठेवायची. वॉल्टने सुरी उचलली की ही त्याच्या हातावर चापट मारायची. "वॉल्ट, वेट! रस आत जाऊ दे." त्याला मराठी कळायचं नाही, पण तो थांबायचा. पहिला तुकडा मी खाल्ला आणि खरंच सांगते, बोटांनी तुटत होता, आणि ताटात रस उतरला होता.

टर्की जमली, पण गुरुवार काही हलेना. २००४ सालीही प्रतापराव वरच. मग शालूताईने जे केलं त्याला माझा आजही सलाम आहे. पुढच्या वर्षी तिने सगळ्यांना शुक्रवारी बोलावलं. "अहो, शुक्रवारी काय अडचण आहे तुम्हाला?" तिने माझ्यासमोर विचारलं. प्रतापरावांनी पेपरमागून बराच विचार केला, पण काही सापडलं नाही. आले, बसले. पांढरा रस्सा दोनदा घेतला, छातीचा तुकडा तीनदा. पण बोलले नाहीत. वॉल्टने "व्हेरी नाइस हाउस" म्हटलं, यांनी मान हलवली. जेवण झालं की उठून वर. तीन वर्षं असंच चाललं. मी वैतागायचे. "भिंत आहे गं तुझा नवरा!" ती हसायची. "खातायत ना? पोटभर खाणारा माणूस कुठवर गप्प बसेल?" पण कधीकधी भांडी विसळताना तिचे हात थांबायचे. "मी आहे तोवर बोलले तर बरं गं, मंगल," एकदा म्हणाली. नाही बोलले. याचा मला अजून राग येतो, प्रतापरावांचा आणि देवाचाही.

या नोव्हेंबरात आम्ही सगळ्यांनी धरलंच होतं की आता हे संपलं. त्यातून डॅनीची शुक्रवारी ड्यूटी लागली. केतकीने "बाबा, लेट्स स्किप इट धिस इयर," म्हणून फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, "गुरुवारी या. वॉल्टलाही आण." केतकीने मला पुन्हा पुन्हा विचारलं, "मावशी, ही सेड थर्सडे?"

वॉल्ट पक्षी घेऊन आला. शालूताईच्या स्वयंपाकघरात त्याने आणि मी मिळून सगळं केलं. तिच्या पद्धतीने करत गेलो, इतकंच. तूप मी जरा जास्तच घातलं, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. जेवायची वेळ झाली तेव्हा मी जिन्याकडे बघितलं, सवयच झाली होती. प्रतापराव आधीच टेबलाशी बसले होते. समोर नुसता पाण्याचा पेला. त्यांनी स्वतःच्या हाताने वॉल्टला वाढलं, मग डॅनीला, मग केतकीला. केतकी खाली मान घालून जेवत होती, ताटात टपटप पाणी पडत होतं.

जेवण झाल्यावर वॉल्ट जाकीट घालायला लागला. उत्तरेला लांब जायचं होतं, बाहेर बर्फ भुरभुरत होता. जाता जाता त्याचं लक्ष प्रतापरावांच्या जागेकडे गेलं. "यू डिडन्ट ईट," तो हळूच म्हणाला.

"टुमॉरो," प्रतापराव म्हणाले. मग उठले, त्याच्या खांद्यावरून ते जाकीट स्वतः उतरवून घेतलं आणि म्हणाले, "यू स्टे, वॉल्ट. टुमॉरो वी ईट टुगेदर."