आंब्याच्या वासाचा चार्जर

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी एखादा तपास सांगा म्हटलं, की मला आधी आठवते ती खो-खो खेळणारी एक मुलगी.

तेव्हा मुरुड भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी पाहत असताना जवळच्या कॉलेजातल्या क्रीडाशिक्षिका आत आल्या. त्यांनी टेबलावर बोटभर लांबीची एक गुलाबी वस्तू ठेवली. मला ते रंगीत पेन वाटलं.

"साहेब, वास घेऊन बघा."

पिकल्या आंब्याचा वास होता. ती ई-सिगारेट होती.

त्यांच्या संघातली अकरावीतली मुलगी आदल्या दिवशी मैदानावर धाप लागून कोसळली होती. ही वस्तू तिच्या पिशवीत सापडली. मुलगी अलिबागला रुग्णालयात ऑक्सिजनवर होती आणि तोंड उघडत नव्हती. फुप्फुसांना सूज होती. ती न्यूमोनियाची की आणखी कशाची, हे ठरवायला तिनं काय ओढलं आणि किती दिवस, ते डॉक्टरांना कळायला हवं होतं.

मी ठाण्यातल्या एका हवालदार बाईंना घेऊन साध्या वेशात गेलो. वॉर्डाच्या दारात मुलीची आई उभी होती. ती बाजारात सुकी मासळी विकायची.

"साहेब, माजी पोर तसली न्हाय. आमच्या घरात कोन बिडीसुद्धा ओढत न्हाय."

तिला आत घेऊनच मी मुलीला विचारलं, "कुणी दिली? कधीपासून?" मुलगी भिंतीकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

हवालदार हळूच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही जरा चहा घेऊन या."

बाईंचा अनुभव मोठा होता. मी गुपचूप दाराबाहेर जाऊन थांबलो. त्यांनी मुलीला एकच विचारलं, "तुला भीती कसली वाटते, ते आधी सांग."

"माझ्यावर केस होईल. बाबा कॉलेज बंद करतील."

मी आत गेलो. "बाळ, ई-सिगारेटबंदीच्या कायद्यात विकणारा गुन्हेगार आहे, ओढणारा नाही. तुझं नाव आरोपीत येणार नाही."

आई पुढे झाली. "आन् तुज्या बापाला मी बगून घेईन. तू बोल."

मग ती बोलली. चार महिने ओढत होती. "तो दुकानदार म्हणाला, तंबाखू नाही, नुसती वाफ आहे. नंतर उठल्या उठल्या लागायचीच. नाही मिळाली तर पहिल्या तासाला हात थरथरायचे." एसटी स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात 'आंब्याचा चार्जर' मागायचा, एवढंच.

सूज त्या वाफेचीच असणार हे धरून त्याच दुपारी डॉक्टरांनी औषधं बदलली. आम्ही पंच बोलावले. हवालदार साध्या साडीत दुकानात गेल्या आणि त्यांनी आंब्याचा चार्जर मागितला. दुकानदारानं इअरफोनच्या खोक्यातून तो काढून दिला. बाकीचा माल पोटमाळ्यावर निघाला. पंचनामा झाला, मुद्देमाल सील झाला.

ठाण्यात तो एकच पालुपद लावून बसला, "साहेब, नुसती वाफ आहे हो. कुणाला काही होत नाही."

"ठीक. तसाच जबाब घेतो," मी म्हणालो. "हे निर्धोक आहे आणि मी स्वतःच्या मुलीलाही देतो, असं लिहू?"

त्यानं मान खाली घातली. मग पनवेलहून माल पाठवणाऱ्याचं नाव सांगितलं.

मुलगी बरी झाली, पण सहज नाही. कितीतरी दिवस घराच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागायची. सवय सोडताना ती चिडायची, रडायची. ते वर्ष मैदानाबाहेर गेलं. पुढच्या वर्षी ती संघात परतली.

त्याच वर्षी, माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी, त्या कॉलेजात माझं व्याख्यान ठेवलं होतं. मी कागद काढला, तेवढ्यात ती जवळ आली. "सर, तुम्ही कायदा सांगा. बाकीचं मी सांगते." तिनं रुग्णालयातल्या रात्री सांगितल्या, श्वास घेताना छातीत काय व्हायचं ते सांगितलं. कार्यक्रमानंतर पाच मुलं मागे थांबली आणि त्यांनी आपापल्या ई-सिगारेटी क्रीडाशिक्षिकांच्या हातात दिल्या. मी एकाचंही नाव विचारलं नाही.

तपासात प्रश्न विचारायला मी खात्यात शिकलो होतो. समोरच्याची भीती आधी काढावी लागते, हे मला त्या वॉर्डात, माझ्या हाताखालच्या हवालदार बाईंनी शिकवलं. ते शिकलो, याचं समाधान घेऊन मी निवृत्त झालो.