दसऱ्याला न उडालेलं विमान

इलाही मुजावरला आपल्या कामाचा गर्व होता, आणि तो झाकून ठेवायची त्याला कधी गरज वाटली नाही. शिरोली नाक्यावर ट्रकची इंजिनं खोलण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. विमान दुरुस्तीच्या परवान्याची परीक्षा तो तिसऱ्या खेपेला पास झाला. तेव्हापासून त्याने ट्रकला हात लावला नाही. १९७४ साली शाहूपुरीतले तेलगिरणीवाले आप्पासो मगदूम यांनी चार जणांचं जुनं विमान घेतलं आणि उजळाईवाडीच्या माळावर त्याची देखभाल इलाहीकडे आली.

तेल कधी बदलायचं, हे त्याने पहिल्याच दिवशी आप्पासोंना सांगून टाकलं होतं. पंचवीस तास उडालं की. आणि उडालं नाही तरी चार महिन्यांनी.

"न उडता कसलं बदलायचं रं?" आप्पासो म्हणाले होते.

"उभ्या इंजिनात पावसाची ओल धरती, आप्पासो. तेल आंबतंय. चालत्यापेक्षा उभ्याचं भ्या जास्त."

त्या वर्षी पावसाळाभर विमान उभंच होतं. खंडेनवमीला सकाळी इलाहीने जुनं तेल काढलं, शिल्लक होतं ते सगळं नवं तेल खुणेपर्यंत भरलं. दुपारी मगदूमांच्या घरच्यांनी विमानाची पूजा केली. पंख्याला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आप्पासोंचा धाकटा भाऊ श्रेणिक विमान घेऊन गावावरून फेरी मारणार होता. आप्पासोंनी ही गोष्ट अख्ख्या पेठेत सांगितली होती.

त्यामुळे दसऱ्याला माळावर बैलगाड्या, सायकली, टांगे, सगळं जमलं. श्रेणिक चढायच्या आत इलाहीने नेहमीप्रमाणे तेल मोजायची काडी बाहेर काढली. तेल खुणेच्या बोटभर वर होतं. त्याने काडी पुसली, पुन्हा बुडवली. तितकंच. थेंब बोटांवर चोळून त्याने नाकाशी नेला. मग तेल सोडायचा तळाचा बोल्ट सैल करायला तो खाली वाकला.

"अरं, काय करतूस?" आप्पासो धावत आले. "कालच बदललंस की!"

"परत बदलाय लागणार. ह्यात काय तरी पडलंय."

"नवं तेल हाय?"

"न्हाय. पुण्यासनं येईल. चार-पाच दिवस."

आप्पासोंचा चेहरा उतरला. गर्दीतून कुणी तरी ओरडलं, "ओ पावणं, इमान हाय का पिठाची गिरण? चालूच हुईना!" माळावर हशा पिकला.

इलाहीचा हात बोल्टवरच होता. बोल्ट सोडला की फेरी संपली. आणि तेलात काहीच नसलं, तर शिरोली नाक्यावर परत जावं लागणार, त्याला हे स्पष्ट कळत होतं.

"इलाहीभाई, खात्री हाय?" श्रेणिकने विचारलं.

"तेल आपोआप वाढत नसतं."

"मग सोडा."

सोनेरी तेल डब्यात पडू लागलं. श्रेणिक वाकला आणि त्याने वास घेतला. ज्या वासात तो लहानाचा मोठा झाला होता, तोच वास होता. "दादा, हे शेंगतेल हाय. आपल्या गिरणीचं."

तेव्हा आप्पासो-श्रेणिकच्या आई, विजयमाला, पुढे आल्या. "मी घातलंय. पूजेच्या वक्ताला. पयल्या घाण्याचं, तांब्याभर. नव्या यंत्राला आपण घालतोच की. पोरगं वर जाणार, म्हणून घातलं." त्या इलाहीकडे वळल्या. "काय झालं असतं रं?"

"तापून चिकाट झालं असतं, आक्का. तेलाच्या वाटा तुंबल्या असत्या. ट्रक रस्त्याकडंला लावता येतो."

विजयमालांनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं.

लोक चिडून, हसून पांगले. आप्पासो आठवडाभर पेठेत तोंड चुकवत फिरले. इलाहीने इंजिन खोलून धुतलं, पुण्याहून तेल आणलं, भरलं, इंजिन चालवून पाहिलं आणि पुन्हा मोजलं.

उडायच्या दिवशी माळावर फक्त घरची माणसं होती. विजयमाला लुगड्याचा काष्टा सावरत श्रेणिकच्या शेजारी जाऊन बसल्या.

"आई, तू कुठं?" आप्पासो दचकले.

"वर. एवढ्या माणसांम्होरं ज्यानं न्हाय म्हटलं, त्यो आज व्हय म्हणतोय. मला कसलं भ्या?"

विमान माळ सोडून वर गेलं. इलाही हात पुसत उभा होता; मान ताठ, नजर विमानावर. आप्पासोंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तरी त्याने खाली पाहिलं नाही.